वाटेतले अडखळण
वाचनासाठी : लेवीय १९:१४, नहेम्या ८:८

आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, ही आज्ञा वाचताना आम्हाला रस्त्यातला धोंडा आठवतो. रविवारच्या शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींनी आज दुसऱ्या एका धोंड्याचा विचार करावा.

बेळगाव-निपाणी भागात आता पाठ मोबाइलवर पाठवले जातात, आणि बहुधा छापील पानाचा फोटो काढून. अंध मुलाच्या फोनमध्ये टॉकबॅक असतो. तो पडद्यावरील अक्षरे मोठ्याने वाचतो. मात्र फोटोत त्याला अक्षरे नसून चित्र दिसते. फोटोतून अक्षरे ओळखणारी साधने आहेत खरी, पण जोडाक्षरांपाशी ती चुकतात. मग आई किंवा बहीण मोकळी होईल तेव्हाच त्या मुलाचा पाठ होतो.

दुसरे अडखळण छापखान्यातले आहे. जुन्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. कागदावर सारे शुद्ध दिसते. यंत्र मात्र आतली इंग्रजी अक्षरे वाचते आणि मुलाच्या कानी अर्थहीन गडबड पडते. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो. परीक्षा सोपी आहे : फाइलमधील एक ओळ उचलून व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात चिकटवावी. मराठीच उमटली तर ठीक.

नहेम्याच्या काळी लोकांना नियमशास्त्र स्पष्ट वाचून अर्थ सांगितला गेला. आमच्या पूर्वजांनीही हे ओळखले होते. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांचे टिंब एकच आहेत. आमच्या सीमाभागात पाट्यांवरील लिपीवरून केवढे वाद झाले! त्या टिंबांना त्यांचा पत्ता नाही. बोलणाऱ्या यंत्राचे मात्र तसे नाही. फोनमध्ये मराठी आवाज निवडलेला नसेल, तर तो मराठी पाठ हिंदी वळणाने वाचतो किंवा वाचतच नाही. हा आवाज सेटिंगमध्ये जाऊन एकदा घालून द्यावा लागतो. संगणकासाठी एनव्हीडीए हे वाचक साधन फुकट मिळते.

पुस्तक टंकून देणे ही चोरी तर नव्हे, अशी शंका काहींना येते. २०१२ साली लेखाधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली. अपंगत्वामुळे छापील प्रत वाचू न शकणाऱ्यांसाठी, नफा न घेता, वाचता येईल अशी प्रत करण्यास मुभा आहे. ती प्रत इतरांत वाटू नये एवढेच. याच विषयावरील मराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात अशा वाचकांसाठी डिजिटल पुस्तके आहेत. त्यांत केवळ अंधच येतात असे नाही. अक्षरांची ओळख लागत नाही अशी मुले आणि ज्यांना हाताने पान उलटता येत नाही तीही येतात.

पुढील पाठ छपाईस देताना छापखान्याकडून युनिकोड प्रत मागून घ्यावी. चित्राखाली चित्रात काय आहे ते दोन ओळींत लिहावे. आणि गीतेही टंकावीत, ती बहुधा राहून जातात.