एकाच संगणकाचे इंटरनेट संथ का?



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि दहावीच्या बोर्डाचे अर्ज ऑनलाइन भरायला सुरुवात झाली. विद्यार्थ्याचा फोटो, सही, विषय, सगळे एकाच पानावर. पण कार्यालयातील ताईंच्या संगणकावर ते पान अर्ध्यावर अडकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागायचे. मुदत जवळ येत होती. खिडकीशी रांग लागे. एक पालक रागाने म्हणाले, "ताई, तुम्हाला संगणक येत नाही का?" ताई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी उशिरापर्यंत बसून त्या अर्ज भरत राहिल्या.

इंटरनेटच्या लाइनवाल्याला बोलावले. त्याने पाहिले आणि "लाइन बराबर छे" म्हणून तो गेला. मग जास्त वेगाची, जास्त पैशांची योजना घ्यावी असा विषय विश्वस्तांच्या सभेपुढे ठेवायचे ठरले. त्याआधी आपणच एकदा शोध घ्यावा म्हणून आम्ही संगणक विषयाचे शिक्षक आणि नववीची चार मुले वही घेऊन कार्यालयात बसलो. त्या दुपारचा हा धडा आहे.

पहिली पायरी : मोजा आणि लिहा. "हळू आहे" हे मोजमाप नव्हे. कार्यालयात चार संगणक, चारही वायरने एकाच राउटरला जोडलेले. एका वेळी एकच चालू ठेवून वेग मोजला. आपली योजना ५० मेगाबिटची. तीन संगणकांवर ४६ ते ४८ आले, ताईंच्या संगणकावर जेमतेम २. इथेच निम्मे उत्तर मिळाले. लाइन सगळ्यांना सारखीच येते. तिघांना पुरते आणि एकाला पुरत नाही, तर दोष लाइनचा नव्हे. मोठी योजना घेतली असती तरी ताईंचे २ हे २च राहिले असते.

(मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वेग मेगाबिटमध्ये मोजतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ५० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला फार तर सव्वासहा मेगाबाइट उतरतात. यात कोणी फसवत नाही.)

दुसरी पायरी : आत कोण खातो ते पाहा. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. तिथे कोणता प्रोग्राम किती नेट वापरतो ते दिसते. विंडोजचे अपडेट उतरत होते. ते पूर्ण होऊ दिले, व्हायरसची तपासणी केली, पुन्हा मोजले. वेग तोच.

तिसरी पायरी : ब्राउझर बदला. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडून पाहिले. फरक नाही. म्हणजे ब्राउझरही निर्दोष.

चौथी पायरी : अदलाबदल करा. शेजारच्या संगणकाची वायर ताईंच्या संगणकाला लावली आणि ताईंची शेजारच्याला. ताईंचा संगणक एकदम ४७ वर गेला आणि शेजारचा २ वर आला! दोष संगणकात नव्हता, तो वायरीबरोबर फिरला. मग तीच वायर राउटरच्या दुसऱ्या भोकात लावली, तरी २च. म्हणजे राउटरही ठीक.

मुलांनी वायर हाताने चाचपत नेली. सुट्टीत रंगकाम झाले तेव्हा लोखंडी कपाट सरकवले होते. त्याचा एक पाय नेमका वायरीवर!

आता कारण समजून घेऊ. या वायरीत ८ बारीक तारा असतात, दोन-दोनचा पीळ घातलेल्या ४ जोड्या. तार दबली की संदेशाचे तुकडे वाटेत खराब होतात. आम्ही राउटरला पिंग आज्ञेने १०० संदेश पाठवले, तर १४ परत आलेच नाहीत. हरवलेले पत्र पुन्हा लिहून पाठवावे लागते, तसे संगणकालाही करावे लागते. शिवाय तुकडे हरवतात म्हणजे वाटेत गर्दी असावी असे समजून तो पाठवण्याचा वेगच कमी करतो. म्हणून वायर पूर्ण तुटलेली नसतानाही काम रखडते. इतर संगणकांची जोडणी १०० मेगाबिटची होती, ही मात्र १० वर घसरली होती.

नवी वायर तीनशे रुपयांच्या आत आली. भिंतीच्या कडेने नेली, कपाटापासून लांब. उरलेले अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्ण झाले.

घरी वायफाय असेल तरी रीत हीच. आधी राउटरजवळ बसून मोजा, मग खोलीत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर मायक्रोवेव्ह ओव्हनचाही अडथळा येतो. ५ गिगाहर्ट्झवर तो येत नाही, पण भिंतीपलीकडे तो पट्टा लवकर क्षीण होतो. "वेग वाढवा" म्हणणारे फुकटचे प्रोग्राम मात्र घालू नका.

नियम तीनच : आधी मोजा, एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक वेळी लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

आणि चौथा नियम आम्ही आमच्यासाठी लिहिला आहे. तीन आठवडे आम्ही सगळे माणसाकडे बोट दाखवत होतो, आणि दोष कपाटाच्या पायाखाली होता. त्या दिवशी आम्ही ताईंची क्षमा मागितली. त्या हसून म्हणाल्या, "आधी वायर बघायची, मग माणूस."