वली आणि संत : एक तुलनात्मक पाठ

विद्यार्थीमित्रहो, दादरहून उत्तरेकडे निघालें म्हणजे लवकरच माहीम लागतें. तेथें सेंट मायकेलचें जुनें ख्रिस्तमंदिर आहे. त्याची स्थापना इ. स. १५३४ मधील मानितात. आजची इमारत मात्र १९७३ ची आहे. १९४८ पासून या मंदिरांत दर बुधवारीं 'नोव्हेना' नांवाची प्रार्थना चालते, आणि ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदु, मुसलमान, पारशी असे सर्व प्रकारचे लोक हातांत मेणबत्ती घेऊन तेथें रांगेंत उभे राहतात. तेथून फार दूर नाहीं असा मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. दर वर्षीं डिसेंबर महिन्यांत तेथें दहा दिवस जत्रा भरते, आणि पहिला मान मुंबईच्या पोलिसांचा असतो. त्या जत्रेसही कोणी कोणाचा धर्म विचारीत नाहीं.

हें दृश्य मनाला आनंद देणारें आहे. परंतु केवळ पाहून आनंद मानणें निराळें आणि समजून घेणें निराळें. वर्गांत आम्हांला पुष्कळदां असा प्रश्न विचारण्यांत येतो कीं, "गुरुजी, तुमचा संत आणि आमचा वली हे एकच काय?" यावर "होय बाळ, सर्व एकच" असें उत्तर देणें सोपें असतें. त्यानें कोणाचें मन दुखत नाहीं. पण त्यानें विद्यार्थ्याच्या ज्ञानांतही कांहीं भर पडत नाहीं. म्हणून प्रस्तुत पाठांत या प्रश्नाचा जरा सावकाश विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. 'वली' हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ जवळचा, मित्र किंवा पाठीराखा असा आहे. त्याचें अनेकवचन 'अवलिया'. आपल्या मराठींत 'अवलिया' म्हणजे विक्षिप्त पण मोठ्या मनाचा मनुष्य असा अर्थ रूढ झाला आहे, तो याच शब्दाचा झालेला फेरफार होय. जे ईश्वराचे मित्र आहेत त्यांना भय नाहीं व शोक नाहीं, असा आशय कुराणाच्या दहाव्या सुऱ्यांत आला आहे, आणि त्यावरच वलींविषयींची पुढील सर्व कल्पना उभारलेली आहे. ख्रिस्ती नव्या करारांतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र 'वेगळा काढून ठेविलेला', 'पवित्र' असा आहे. मराठी पवित्र शास्त्रांत त्याचें भाषांतर 'पवित्र जन' असें केलेलें आढळतें. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, पौलानें करिंथ येथील मंडळीला पत्र लिहितांना तेथील सर्व विश्वासणाऱ्यांना हेंच नांव दिलें आहे. आणि त्याच पत्रांत त्यांच्या भांडणांबद्दल त्यांची चांगली कानउघाडणीही केली आहे! अर्थात् मूळ कल्पनेप्रमाणें एका शब्दांत सहवासावर भर आहे, तर दुसऱ्यांत समर्पणावर. एक विचारतो, "हा मनुष्य ईश्वराच्या किती जवळ गेला?" दुसरा विचारतो, "हा मनुष्य कोणाचा झाला?"

आतां संत ओळखावा कसा? येथें दोन्ही धर्मांच्या रीतींत मोठें अंतर आहे. रोमन कॅथलिक मंडळींत याची रीतसर चौकशी होते. पहिल्या कित्येक शतकांत लोकांच्या आदरानेंच संत ठरत असत. इ. स. ९९३ मध्यें आउग्सबुर्गच्या उलरिक या धर्माध्यक्षास पोपनें संत म्हणून जाहीर केलें, हें पोपच्या अशा घोषणेचें सर्वांत जुनें नोंदलेलें उदाहरण होय. १५८८ पासून हें काम पाहणारें खातें रोम येथें आहे. मृताचें लेखन, वर्तन व साक्षीदारांचे जबाब तपासतात. साधारणपणें त्याच्या मध्यस्थीनें चमत्कार घडला असें सिद्ध व्हावें लागतें. धन्यवादित आणि मग संत अशा पायऱ्या असतात. कलकत्त्याच्या मदर तेरेसा १९९७ मध्यें निवर्तल्या आणि २०१६ मध्यें त्यांना संतपद मिळालें. इतकी त्वरा क्वचितच होते. इस्लामांत असें खातें नाहीं व असा हुकूम काढणारा कोणी अधिकारीही नाहीं. गुरुशिष्यांची परंपरा, जिला 'सिलसिला' म्हणतात, ती आणि लोकांची आठवण याच दोन गोष्टी वलीला वली ठरवितात. पैगंबराच्या हातून घडतो तो 'मोजिजा' आणि वलीच्या हातून घडते ती 'करामत', असा भेद तेथील विद्वानांनीं केला आहे. आणि खऱ्या वलीनें आपली करामत लपवावी, मिरवूं नये, अशी सूफींची शिकवण आहे. वली कितीही मोठा झाला तरी पैगंबराच्या पायरीस पोंचत नाहीं, असेंच बहुतेक मुसलमान पंडित मानितात.

या दोन रीतींचीं दोन उदाहरणें आपल्याच किनाऱ्यावरचीं घेऊं. मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) हे कोंकणच्या नवाइत कुळांतील. त्यांनीं कुराणावर अरबी भाषेंत भाष्य लिहिलें. माहीमचें काजीपण त्यांच्याकडे होतें. म्हणजे लोक ज्यांच्या समाधीवर चादर घालितात ते गृहस्थ मुळांत एक अभ्यासू पंडित व न्यायाधीश होते, ही गोष्ट जत्रेच्या गर्दींत सहज विसरली जाते. भायखळ्याजवळून जाणाऱ्या जे. जे. पुलास त्यांचेंच नांव दिलेलें आहे, आणि त्यांत त्यांना 'कुतुब-ए-कोंकण' म्हणजे कोंकणचा ध्रुव म्हटलें आहे. त्यांच्याविषयीं अशी कथा सांगतात कीं, आईनें रात्रीं पाणी मागितलें, तें घेऊन येईपर्यंत तिला झोंप लागली, आणि मुलगा पहांटेपर्यंत भांडें हातांत धरून उशाशीं उभा राहिला. हीच कथा इराणांतील बायजीद बिस्तामी या फार पूर्वींच्या सूफीविषयींही सांगतात. इतिहासाचा विद्यार्थी येथें म्हणेल कीं, एक कथा दोघांची कशी होईल? त्याचा प्रश्न योग्यच आहे. परंतु लोकांना आपल्या साधुपुरुषांत कोणता गुण पाहावयाचा होता, तें मात्र या कथेवरून निश्चित कळतें. तो गुण चमत्कार नसून मातृसेवा आहे.

दुसरें उदाहरण गोंसालो गार्सिया यांचें. यांचा जन्म सोळाव्या शतकांत वसई येथें झाला. वडील पोर्तुगीज व आई इकडची. ते जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानांत गेले, पुढें व्यापार केला, आणि अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळें ते पुनः तिकडे दुभाषाचें काम करावयास गेले. तेथील सत्ताधीश हिदेयोशी याच्या आज्ञेवरून ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २६ जणांना क्रूसावर चढविण्यांत आलें, त्यांत गोंसालो हे एक होते. १६२७ मध्यें त्यांना धन्यवादित म्हटलें गेलें व १८६२ मध्यें संत. भारतांत जन्मलेल्यांपैकीं हें पद मिळालेले ते पहिले. मृत्यु आणि पदवी यांमध्यें २६५ वर्षें गेलीं! एकाला लोकांनीं वली म्हटलें, दुसऱ्याला दीर्घ चौकशीनंतर संत म्हटलें. पण काजी असो वा दुभाषी, दोघांचाही आरंभ आपलें नेमलेलें काम नीट करण्यापासून झाला.

भेद सांगितले, आतां साम्यें पाहा, कारण तीं वरवरचीं नाहींत. धर्मासाठीं प्राण देणाऱ्यास युरोपांतील भाषांत जो शब्द आहे, त्याच्या मूळ ग्रीक रूपाचा अर्थ 'साक्षी' असा आहे. अरबींतील 'शहीद' याचाही धात्वर्थ साक्षी असाच. दोन निरनिराळ्या भाषांनीं प्राणार्पणाकडे पाहून एकच गोष्ट म्हटली, कीं याचें मरण ही साक्ष आहे. तसेंच वलीच्या पुण्यतिथीस 'उरूस' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ विवाह. मृत्यूच्या दिवशीं भक्ताचें ईश्वराशीं मीलन झालें अशी त्यांतील भावना आहे. ख्रिस्ती मंडळीनेंही प्राचीन काळापासून संतांचा सण त्यांच्या मृत्युदिनींच पाळिला व त्याला स्वर्गांतील जन्मदिवस म्हटलें. एकानें मृत्यूला लग्न म्हटलें, दुसऱ्यानें जन्म. स्मशानाचा शब्द कोणीच वापरला नाहीं. मरियेचें उदाहरण आणखी स्पष्ट आहे. कुराणाचा एकोणिसावा सुरा तिच्या नांवाचा आहे, आणि त्या ग्रंथांत नांव घेऊन उल्लेखिलेली तीच एक स्त्री. वांद्र्याच्या सप्टेंबरमधील जत्रेंत मुसलमान भगिनी दिसल्या तर आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं. मात्र येशूविषयीं दोन्ही धर्मांचा मतभेद मूलभूत आहे. मुसलमान त्याला थोर पैगंबर मानितात, ख्रिस्ती त्याला देवाचा पुत्र व तारणारा मानितात. आणि हा भेद झांकून ठेवण्यांत कोणाचेंच हित नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती बहुधा विद्यार्थ्यांना नवी वाटेल. संतांकडे मागणें मागावें कीं नाहीं, यावर मुख्य वाद ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यामध्यें नाहींच. तो दोन्ही घरांच्या आंतला आहे. कॅथलिक बंधु म्हणतात कीं, आपण जिवंत मित्राला "माझ्यासाठीं प्रार्थना कर" असें म्हणतों, तसेंच स्वर्गांतील मित्रालाही म्हणावें. यांत त्याची उपासना होत नाहीं. प्रॉटेस्टंट लोक, ज्यांच्या परंपरेंत आम्ही वाढलों, म्हणतात कीं, मध्यस्थ एक ख्रिस्तच. संतांचें स्मरण करावें व कित्ता गिरवावा, पण त्यांचा धांवा करूं नये. १५३० च्या आउग्सबुर्ग येथील मतपत्रांत हेंच मांडिलेलें आहे. आतां मुसलमान समाजाकडे पाहा. दर्ग्यास जाणारे म्हणतात कीं, मागणें अल्लापाशींच, वली हा केवळ वसीला. अहले हदीस व त्यांच्यासारखे सुधारक म्हणतात कीं, यांत ईश्वराच्या एकत्वास बाध येतो. म्हणजे या एका प्रश्नापुरता पाहतां, प्रॉटेस्टंट शिक्षकाचें मत दर्ग्यास न जाणाऱ्या मुसलमान पालकाशीं जुळतें, आणि नोव्हेनास जाणाऱ्या कॅथलिक आजीचें मन उरुसास जाणाऱ्या मुसलमान आजीला चटकन कळतें! 'ते सगळे असेच' असें ज्याला कोणाविषयीं म्हणावेंसें वाटेल, त्यानें ही गोष्ट आठवावी.

हें ज्ञान मिळवावयास आपल्या शहराला वेळ लागला. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्यें मुंबईस आले व १८३२ मध्यें गिरगांवांत त्यांनीं शाळा काढिली. त्या दशकांत त्यांचे हिंदु पंडितांशीं आणि मुसलमान विद्वानांशीं जाहीर वाद झाले. खंडन करावें, उलट खंडन ऐकावें, अशी ती रीत होती. तींत अभ्यास होता, पण हार-जीतही होती. पुढें १८९५ मध्यें मुंबईंत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ताची भक्ति अभंगांत व कीर्तनांत गाइली. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनीं निवृत्तीनंतर महिपतीचीं संतचरित्रें इंग्रजींत आणण्याचें मोठें काम हातीं घेतलें. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं तर सतराव्या शतकांतच 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठींत लिहून ठेविला होता. दुसऱ्याचा संत आधीं समजून घ्यावा, मग आपलें म्हणणें सांगावें, असा हा मार्ग. बाहेरच्या जगांतही असेंच घडलें. १२१९ मध्यें, धर्मयुद्ध चालूं असतां, असीसीचा फ्रान्सिस शस्त्रावांचून इजिप्तच्या सुलतान मलिक अल्-कामिल याला भेटावयास गेला. दोघांपैकीं कोणीही आपला धर्म सोडला नाहीं, आणि फ्रान्सिस सुखरूप परतला. १९६५ मध्यें व्हॅटिकन परिषदेनें मुसलमानांविषयींचा आदर जाहीरपणें लेखांत नमूद केला. आणि त्या भेटीस ८०० वर्षें झालीं त्या २०१९ सालीं पोप फ्रान्सिस व अल्-अझहरचे प्रमुख अहमद अल्-तय्यब यांनीं अबू धाबी येथें मानवी बंधुत्वाच्या लेखावर सह्या केल्या.

परंतु पालकहो, मोठ्यांच्या सह्यांनीं गल्लीचें रक्षण होत नाहीं. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें याच मुंबईंत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणें, ९०० माणसें मेलीं. त्या वर्षांआधींही माहीमची जत्रा भरत होती आणि सर्व धर्मांचे लोक तेथें जातच होते. यावरून आम्ही असा बोध घेतों कीं, एका रांगेंत उभें राहणें ही चांगली सुरुवात आहे, पण ती पुरेशी नाहीं. ज्याच्यापुढें आपण मेणबत्ती लावितों किंवा चादर वाहतों, त्याच्याविषयीं शेजाऱ्याची नेमकी श्रद्धा काय, हें आपल्यास ठाऊक नसेल, तर अफवेच्या एका रात्रींत तो शेजारी अनोळखी होतो.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचें तीन गोष्टींचें सांगणें आहे. पहिली, दुसऱ्याच्या धर्माविषयीं त्या धर्माच्या मनुष्यालाच विचारा. आपल्या घरचें ऐकीव मत शेवटचें समजूं नका. दुसरी, तुलना करितांना आपल्याकडील उत्तम मनुष्य आणि त्यांच्याकडील ढोंगी मनुष्य अशी जोडी लावूं नका; संताची तुलना वलीशीं करा, आणि भोंदूची भोंदूशीं. तिसरी, भेद दिसला तर तो प्रामाणिकपणें बोलून दाखवा, पण समोरच्याला "तुमचें म्हणणें मीं बरोबर सांगितलें ना?" असें विचारून त्याचा होकार मिळाल्यावरच. हा होकार मिळविण्याइतका अभ्यास ज्यानें केला, त्याच्या हातून शेजाऱ्याचा अपमान सहसा होत नाहीं.

पालकांना विनंति इतकीच कीं, मुलें असे प्रश्न घेऊन घरीं आलीं तर त्यांना गप्प करूं नये. दुसऱ्याच्या संताची चौकशी केल्यानें आपली श्रद्धा पातळ होते अशी भीति कित्येकांना वाटते. आमचा वर्गांतील अनुभव निराळा आहे. वलीविषयीं विचारतां विचारतां ख्रिस्ती विद्यार्थी आपलें पवित्र शास्त्र उघडून पाहूं लागतो, आणि गोंसालोची गोष्ट ऐकून मुसलमान विद्यार्थी घरीं जाऊन वडिलांना मखदूम साहेबांच्या भाष्याविषयीं विचारतो. येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या वस्तींतील एका दर्ग्याची व एका ख्रिस्तमंदिराची माहिती, तेथील वडीलधाऱ्यांस आदबीनें विचारून, वहींत लिहून आणावी. सुटीनंतर आपण ती वर्गांत वाचूं.