आर्ताची हाक आणि कृतज्ञतेचे स्मरण

श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवान श्रीकृष्णमहाराजांनी आपणांस भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. संकटाने गांजलेला आर्त ह्यांत आरंभी येतो, आणि भगवंतांनी त्यालाही उदारच म्हटले आहे. म्हणून दुःखात देवाला हाक मारणे हे हीनपणाचे नव्हे. प्रश्न एवढाच की, त्या हाकेच्या पाठीशी काय असते? सौदा, की भरवसा?

आपला सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण. 1972 साली पावसाने पाठ फिरविली तेव्हा विहिरींचे तळ उघडे पडले, कडब्याअभावी दावणीची जनावरे कवडीमोलाने विकावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी कुटुंबे खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामावर गेली. सुकडी आणि मिलो खाऊन त्यांनी दिवस काढले. अशा काळी नवस बोलले जातात. पाऊस पडला की नवस फिटतो, आणि बहुधा देवही विसरला जातो. हा व्यवहार झाला. ह्याला भक्ती म्हणता येत नाही.

येथे शंका अशी की, ज्याच्या डोळ्यांदेखत गोठा रिकामा झाला त्याने कृतज्ञ राहावे ते कशासाठी? समाधान असे : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आपल्या शास्त्राने भिन्न सांगितले आहेत. देवतांची फळे परिमित व नाशवंत. जीवाला बंधनातून सोडविणारा एक परमेश्वरच. पाऊस, धान्य, आरोग्य हे येते आणि जाते. परंतु मनुष्यदेह मिळाला, ज्ञान कानी पडले, परमेश्वराने जीवाच्या उद्धाराचे व्यसन घेऊन अवतार धारण केला, हे उपकार दुष्काळाने हिरावले जात नाहीत. कृतज्ञता त्यांच्यावर उभी असेल तरच ती संकटात टिकते.

ह्याचे उत्तम उदाहरण आपल्या पूर्वजांचे आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हा भक्तजनांवर कोसळलेल्या दुःखाला सीमा नव्हती. श्रीनागदेवाचार्यादी मंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. पुढे तेही सन्निधान अंतरले. त्या विरहात म्हाइंभटांनी ज्यांनी ज्या लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना विचारून, पारखून, स्वामींच्या लीळा एकत्र केल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. तरी शिष्यांनी आठवून आठवून लीळा पुन्हा लिहिल्या. पोथी गेली, स्मरण गेले नाही. लीळाचरित्र आज आपल्या हाती आहे ते ह्या कृतज्ञ स्मरणामुळे. देवाने आमचे दुःख का टाळले नाही, असा हिशेब त्यांनी मांडला असता तर आपल्या हाती काय उरले असते?

कृतज्ञता स्मरणापुरती राहून चालत नाही. ती आचारात उतरावी लागते. ऋद्धिपूरच्या लीळांत पाण्यावाचून तळमळणाऱ्या मातंगांची विनवणी श्रीगोविंदप्रभूंनी स्वीकारल्याचे आपण वाचतो. त्यांना विहिरीची जागा दाखवून प्रभूंनी पाणी मिळवून दिले. ज्यांना कोणी पाणी देत नव्हते त्यांच्याकडे प्रभू स्वतः वळले. उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले, जिल्ह्याच्या कित्येक शिवारांत ऊस उभा राहिला; परंतु टँकरची वाट पाहणारी गावे अजून उन्हाळ्यात दिसतातच. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने शेजाऱ्याची घागर रिकामी परत पाठवू नये. परमेश्वराचे उपकार मानण्याची ही साधी रीत होय.

तात्पर्य, वासनिकांनी व साधकांनी संकटात अवश्य हाक मारावी. परंतु ती अट घालून नव्हे. संकट टळले तर आनंदाने, न टळले तर धीराने, नामस्मरण अखंड ठेवावे. मागणे संपल्यावरही ज्याचे स्मरण चालू राहते, तो आर्तपणाची पायरी ओलांडून ज्ञानाच्या वाटेला लागला असे समजावे.