आकाशातली रांग

मुंबईत कुर्ला किंवा घाटकोपर भागात संध्याकाळी गच्चीवर उभे राहिले, की पूर्वेकडे दूरवर एक दिवा दिसतो. तो हळूहळू मोठा होतो आणि विमान घोंघावत डोक्यावरून जाते. ते जाते न जाते तोच त्याच्या मागे दुसरा दिवा दिसतो, त्याच्या मागे तिसरा. जणू कोणी आकाशात दिव्यांची माळ ओवली आहे! ही विमाने वेगवेगळ्या शहरांतून आणि देशांतून आलेली असतात. मग ती अशी शिस्तीत एकामागून एक कशी येतात? ही रांग कोण लावतो?

ही रांग लावणाऱ्या माणसाला ‘अप्रोच कंट्रोलर’ म्हणतात. आपण त्याला नियंत्रक म्हणू. विमानतळावरचा उंच मनोरा तुम्ही चित्रात पाहिला असेल. मनोऱ्यातले नियंत्रक काचेतून धावपट्टी पाहतात. आपल्या या नियंत्रकाला मात्र विमान प्रत्यक्ष दिसत नाही. तो रडारच्या पडद्यासमोर बसतो. पडद्यावर प्रत्येक विमान म्हणजे एक ठिपका. ठिपक्याशेजारी त्या विमानाचे नाव, उंची आणि वेग लिहिलेला असतो. त्या लहानशा ठिपक्यात शेकडो माणसे बसलेली आहेत, हे त्याला क्षणभरही विसरता येत नाही.

विमान विमानतळापासून साधारण शंभर किलोमीटरच्या आसपास आले, की ते या नियंत्रकाच्या हाती येते. तो वैमानिकाला रेडिओवरून मुख्यतः तीन गोष्टी सांगतो : कोणत्या दिशेला वळायचे, किती उंचीवर यायचे आणि वेग किती ठेवायचा. या तीन गोष्टींच्या जोरावर तो चहूकडून येणाऱ्या विमानांची एक रांग करतो.

हे काम वाटते तितके सोपे नाही. बसच्या रांगेत आपण उभे राहू शकतो. पण विमानाला आकाशात उभे राहता येत नाही. म्हणून नियंत्रक एखाद्या विमानाचा वेग कमी करायला लावतो, तर एखाद्याला थोडा लांबचा वळसा घ्यायला लावतो. पावसाळ्यात धावपट्टीवर जोराचा पाऊस कोसळत असेल, तर विमानांना ठरलेल्या जागी लांबट गोल घिरट्या घालाव्या लागतात. अशा वेळी विमाने एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे, १,००० फुटांच्या अंतराने फिरतात. सर्वांत खालचे विमान उतरायला निघाले, की वरची विमाने एकेक पायरी खाली येतात.

दोन विमानांत अंतर किती ठेवायचे, याचे नियम आहेत. विमानतळाजवळ ती एकाच उंचीवर असतील, तर त्यांच्यात साधारणपणे ३ ते ५ सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच ते सव्वानऊ किलोमीटर अंतर लागते. तेवढे नसेल, तर उंचीत १,००० फुटांचा फरक हवा. मोठे विमान गेल्यावर त्याच्या मागे हवेत भोवरे उठतात. नदीत मोठी बोट गेली, की मागची लहान होडी डगमगते ना, तसेच हे! म्हणून अवजड विमानाच्या मागे लहान विमान असेल, तर अंतर आणखी वाढवतात.

शेवटी नियंत्रक विमानाला धावपट्टीच्या सरळ रेषेत आणून सोडतो. तेथे जमिनीवरील यंत्रांच्या रेडिओ-लहरी वैमानिकाला वाट दाखवतात. दर किलोमीटरला सुमारे ५० मीटर, अशा मंद उताराने विमान खाली येते. मग नियंत्रक ते मनोऱ्याच्या स्वाधीन करतो. उतरण्याची परवानगी मनोरा देतो. धावपट्टी मोकळी नसेल, तर विमान पुन्हा वर झेपावते आणि त्याला पुन्हा रांगेत घ्यावे लागते.

या साऱ्या कामात नियंत्रकाचे खरे साधन कोणते? त्याचे शब्द! म्हणून एक नियम कडकपणे पाळतात. नियंत्रकाने दिलेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची. आकडेही सुटे सुटे उच्चारतात. इंग्रजीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांत गल्लत होऊ नये म्हणून ‘नाइन’ला ‘नाइनर’ म्हणतात.

शब्द चुकला तर काय होते? १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचे विमान निघाले होते. त्यात पोटासाठी परदेशी जाणारे कितीतरी भारतीय होते. त्याच वेळी कझाकस्तानचे विमान दिल्लीकडे येत होते. सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितले होते. समोरून विमान येत आहे, हेही नियंत्रकाने कळवले होते. पण कझाक विमान ठरलेली उंची सोडून खाली आले. हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ माणसे मृत्यू पावली. एकही वाचला नाही.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत दिसून आले, की वैमानिकांना इंग्रजी पुरेसे येत नव्हते. त्यामुळे सूचनेचा चुकीचा अर्थ घेतला गेला. त्या वेळी दिल्लीच्या रडारवर विमानाची उंचीही दिसत नसे. पुढे तेथे उंची दाखवणारे रडार आले आणि येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना इंग्रजी भाषेची पात्रता सिद्ध करावी लागते.

मित्रांनो, तुम्ही उर्दूतून शिकता आणि मराठी, इंग्रजी याही भाषा शिकता. एखादा शब्द कळला नाही, तर हसे होईल या भीतीने वर्गात गप्प बसता, हो ना? वैमानिक मात्र शब्द नीट ऐकू आला नाही, तर लगेच विचारतो, “पुन्हा सांगा.” त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण त्याच्या मागे शेकडो माणसे बसलेली असतात. तुम्हीही उद्यापासून न लाजता म्हणा, “सर, समजले नाही, पुन्हा सांगा.”

शब्दार्थ
धावपट्टी – विमान उतरण्याचा व उडण्याचा लांब रस्ता
घिरट्या घालणे – गोल गोल फिरत राहणे
गल्लत होणे – एकाऐवजी दुसरेच समजणे
कमीपणा वाटणे – आपण लहान ठरलो असे वाटणे

स्वाध्याय
१. नियंत्रक वैमानिकाला कोणत्या तीन गोष्टी सांगतो?
२. वैमानिक सूचना परत का म्हणतो?
३. ‘नियंत्रकाचे खरे साधन म्हणजे त्याचे शब्द’ हे पाठाच्या आधारे पाच ओळींत स्पष्ट करा.
४. दोघांच्या जोड्या करा. एकाने मराठीत सूचना द्यावी. दुसऱ्याने ती जशीच्या तशी परत म्हणावी.