लाल शाईची तीन वर्षं

‘मास मीडिया करून पुढे काय?’ हा प्रश्न बारावीच्या निकालानंतर ज्या घरांत विचारला जातो, तिथे त्याचं प्रामाणिक उत्तर सहसा कुणी देत नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकात वृत्तनिवेदकाचा फोटो असतो, शेजारच्या काकांच्या मते त्या क्षेत्रात काही राम उरलेला नसतो, आणि आईवडिलांची या दोन्हींच्या मध्ये ओढाताण होते. मुंबई विद्यापीठात जो अभ्यासक्रम बीएमएम म्हणून ओळखला जायचा, तो २०१९-२०पासून बीएएमएमसी झाला. नाव बदललं तरी त्याबद्दलची मूळ गोष्ट तीच आहे. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते, सीएला संस्थेचं सभासदत्व लागतं. बातमीदाराला किंवा कॉपीरायटरला यातलं काहीच लागत नाही. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी २०१३मध्ये पत्रकारांसाठी किमान पात्रता ठरवण्याचा विषय काढला, समितीही नेमली. पण त्यातून कायदा काही झाला नाही. माहिती खात्यासारख्या काही सरकारी पदांच्या जाहिरातींत पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात, तो अपवाद. एरवी ही पदवी म्हणजे परवाना नव्हे. तेव्हा तिच्यासाठी भरलेल्या फीच्या बदल्यात नेमकं काय पदरात पडतं, हे पाहायला हवं. अनेक कॉलेजांत हा अभ्यासक्रम सेल्फ फायनान्स असल्यामुळे फी साध्या बीएच्या कितीतरी पट असते, म्हणून तर जास्तच.

माझ्या मते या पदवीत विकत घेण्याजोगी गोष्ट एकच आहे: आपण लिहिलेलं कुणीतरी जाणकाराने नीट वाचून, खोडून, परत हातात देणं. समजा, वर्गात महापालिकेचं प्रसिद्धिपत्रक दिलं आहे: ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवार रोजी पाणीपुरवठा बंद राहील, तरी नागरिकांनी सहकार्य करावे.’ विद्यार्थी पहिल्या झटक्यात लिहितो, ‘महापालिकेने जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले आहे.’ चांगला शिक्षक या वाक्यावर आडवी रेघ मारतो, कारण वाचकाला पाइपशी नाही, बादलीशी देणंघेणं आहे. दुसऱ्या खर्ड्यात ‘गुरुवारी पाणी नाही’ वर येतं. मग समासात प्रश्न पडतात: कोणत्या भागांत? टँकर येणार का? हीच जलवाहिनी याआधी कधी दुरुस्त केली होती, आणि पैसे किती गेले? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रसिद्धिपत्रकात नसतं. त्यासाठी वॉर्ड ऑफिसात खेटे घालावे लागतात, वेळ पडली तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा लागतो. बातमी खरं तर तिथे सुरू होते. तीन वर्षांत असे पन्नाससाठ खर्डे लाल होऊन परत आले, तर मूल काहीतरी शिकून बाहेर पडतं. ते आले नाहीत, तर मिळालेली पदवी ही चकचकीत स्टुडिओसमोर काढलेल्या फोटोइतकीच कामाची.

लाल शाईचा संबंध फक्त भाषेशी नाही. लहान मुलीवरच्या अत्याचाराची बातमी लिहिताना नाव द्यायचं नाही, हे कुणालाही ठाऊक असतं. पण नवशिका लिहून जातो की ती अमुक गावच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीत आहे आणि वडील गावातल्या दूध डेअरीवर कामाला आहेत. नाव न देताच त्याने अख्ख्या तालुक्याला ती कोण ते सांगून टाकलेलं असतं. २०१२च्या पॉक्सो कायद्याचं २३वं कलम नावापुरतं थांबत नाही. पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही छापायला ते मनाई करतं. मोबाइलवर स्वतःचं चॅनेल चालवणाऱ्या कितीजणांना हे माहीत असतं, हे आजूबाजूला पाहिलं तरी कळेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मोठी माणसं कुठे ही पदवी घेऊन मोठी झाली? मुद्दा खरा आहे. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर गणिताचे अध्यापक होते, पी. साईनाथ इतिहासाचे विद्यार्थी, आणि १९८२मध्ये ओगिल्वी या जाहिरात संस्थेत गेलेले पियूष पांडे यांचं शिक्षणही इतिहासातच झालं. पण वर्तमानपत्रात पूर्वी शाळेचं काम डेस्क करायचा. ज्येष्ठ उपसंपादक नवख्याची कॉपी त्याच्यासमोर फाडायचा, चारचौघांत बोल लावायचा, आणि पगार चालू असतानाच शिक्षण व्हायचं. आता बातमी काही मिनिटांत वेबसाइटवर चढवायची असते, डेस्कवर माणसं कमी, आणि शिकवायला बसायची कुणालाच उसंत नाही. ते शिक्षण कुठेतरी व्हायलाच हवं. म्हणून वर्गाचं मोल वाढलं आहे. ज्याला घरबसल्या खडूस संपादक मिळाला असेल, त्याने खुशाल कॉलेज सोडावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आधी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा विज्ञान घ्यावं, संवादाचं शिक्षण मागाहून घ्यावं, असं अनेक अनुभवी संपादक सांगतात. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट असो की भारतीय जनसंचार संस्था (आयआयएमसी), पदव्युत्तर प्रवेश कोणत्याही शाखेच्या पदवीधराला मिळतो. आयआयएमसीच्या अमरावती केंद्रात तर मराठी पत्रकारिताही शिकवतात. पत्रकारितेपुरतं मला हे म्हणणं मान्य आहे. ज्याला अर्थसंकल्प वाचता येत नाही, तो अर्थसंकल्पावर सुबकपणे चुकीचं लिहील. जाहिरात आणि जनसंपर्काकडे ओढा असेल, तर मात्र बारावीनंतर लगेच हा अभ्यासक्रम घेण्यात शहाणपण आहे, कारण तिथे सराव जितका लवकर सुरू होईल तितका बरा. ज्यांना हीच पदवी घेऊन पत्रकार व्हायचं आहे, त्यांनी नव्या शैक्षणिक धोरणातला मायनर विषय मैत्रिणीने घेतला म्हणून न घेता एखाद्या भरीव विषयातून निवडावा, आणि पुढे पुन्हा मीडियातच एमए करण्यापेक्षा कायदा किंवा अर्थशास्त्राकडे वळावं. तीन वर्षांच्या एलएलबीला, यूपीएससीला, एमपीएससीला ही पदवी इतर पदव्यांसारखीच चालते. दारं बंद होतात ही भीती निराधार आहे.

एआयचं काय, हा प्रश्न आता येणारच. वर दिलेल्या प्रसिद्धिपत्रकाची नीटनेटकी बातमी यंत्र क्षणात करून देईल, आणि केवळ तेवढंच येणाऱ्यांची कामं कमी होतील. यात पालकांना खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. सुरुवातीचा पगारही बेताचाच असतो, विशेषतः पत्रकारितेत. पण यंत्र वॉर्ड ऑफिसात जाऊन कारकुनाच्या टेबलाशी उभं राहत नाही, आणि त्याने लिहिलेल्यात शाळेचं नाव चुकून राहिलं तर पकडणारं माणूसच लागतं. पकडायला आधी चूक ओळखता यायला हवी.

मराठीबद्दल मात्र मुलांच्या मनात उगाच न्यूनगंड असतो. जाहिराती इंग्रजीत किंवा हिंदीत सुचतात आणि मराठीत नुसत्या ओतल्या जातात, म्हणून ‘आम्ही तुमची मदत करू’ असली वाक्यं होर्डिंगवर दिसतात. आपण कुणाची मदत करत नाही, कुणाला मदत करतो. एवढं कानाला खटकणारी माणसं जाहिरात संस्थांना, ओटीटीच्या सबटायटलांना, बँकांच्या आणि हॉस्पिटलांच्या पत्रकांना हवी आहेत. इंग्रजी उत्तम वाचता येणं आणि मराठी उत्तम लिहिता येणं, ही जोडी आज दुर्मीळ आहे.

कॉलेज पाहायला जाल तेव्हा कॅमेरे किती आणि स्टुडिओ केवढा हे शेवटी विचारा. आधी विचारा की एका वर्गात मुलं किती, शिकवणारे पूर्णवेळ किती आणि व्हिजिटिंग किती, विद्यार्थ्यांचं स्वतःचं वृत्तपत्र नियमित निघतं का; आणि गेल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची तपासलेली असाइनमेंट दाखवायला सांगा. तिच्यावर नुसता गुणांचा आकडा आणि सही असेल, तर ते कॉलेज सोडून द्या. प्रवेशापूर्वीच्या रिकाम्या आठवड्यांत घरीही एक प्रयोग करता येईल. पेपरातली एखादी सरकारी जाहीर सूचना मुलाला द्या आणि आजीला कळेल अशी दहा ओळींत लिहायला सांगा. आजीने अडून विचारलं की पुन्हा लिहायला लावा. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तो वैतागून उठतो, की चौथा खर्डा स्वतःहून मागतो, तेवढं बघा.