कोळ्याचा उपवास

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेस उभ्या असलेल्या सह्याद्रींत बिळांत व झाडांच्या ढोलींत राहणारे मोठे केसाळ कोळी आढळतात. त्यांस टॅरँटुला म्हणतात. प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांच्या इ. स. १९०० च्या ग्रंथांत त्यांच्या कित्येक जातींचें वर्णन आहे.

आमच्या एका विद्यार्थ्यानें असा कोळी बरणींत पाळला होता. महिनाभर त्यानें अन्नास स्पर्श केला नाहीं. तो उपाशी मरेल या भीतीनें आम्हीं जिवंत रातकिडा आंत सोडावयास सांगितलें. सकाळीं पाहतों तों कोळी मेलेला. रातकिड्यानें त्यास कुरतडलें होतें. आमचें अज्ञान त्याच्या जिवावर बेतलें.

कोळ्याचें कवच वाढत नाहीं, म्हणून त्यास कात टाकावी लागते. तत्पूर्वीं तो कित्येक दिवस, मोठा असल्यास कित्येक महिनेहि, अन्न वर्ज्य करितो. मग उताणा पडून कात सोडतो. त्या वेळीं त्याचें अंग व विषदंत मऊ असल्यामुळें त्यास स्वसंरक्षण करितां येत नाहीं. शिवाय त्याच्या देहास अन्न थोडेंच लागतें; पोट भरलेला कोळीहि दीर्घकाळ खात नाहीं. वयांत आलेला नर तर खाणें विसरून मादीच्या शोधांत भटकतो.

तेव्हां कोळ्याचें पोट गरगरीत असेल तर धीर धरावा. पाणी नित्य ठेवावें, न खाल्लेला किडा काढून घ्यावा व कात टाकल्यावर विषदंत काळे, कठीण होईपर्यंत अन्न देऊं नये. पोट सुरकुतलें तरच चिंता करावी, व प्रथम पाणी पाहावें. आणि मुलांनो, रानांतील कोळी रानांतच राहूं द्यावा, हें त्याहून बरें.