खालची कवळी स्थिर कशी झाली?

सर्व दात पडलेल्या वृद्ध माणसांची एक नेहमीची तक्रार असते. वरची कवळी नीट बसते; खालची मात्र बोलताना व घास चावताना हलते. असे का व्हावे?

काचेच्या दोन सपाट पट्ट्या ओल्या करून एकमेकींवर दाबून ठेवा. आता त्या सरळ वर-खाली ओढून वेगळ्या करून पाहा. मधला पाण्याचा पातळ थर त्यांना सहजी सुटू देत नाही. वरची कवळी अशीच टाळूवर पसरलेली असते आणि लाळेचा थर तिला धरून ठेवतो. खालच्या जबड्यात टाळूच्या जागी जीभ असते. म्हणून खालची कवळी घोड्याच्या नालासारखी अरुंद करावी लागते. तिला आधार थोडा, आणि जीभ, गाल व ओठ यांचे स्नायू तिला सारखे ढकलत असतात.

दुसरे कारण हाडाचे. दात गेले की त्यांना धरून ठेवणारा हाडाचा उंचवटा झिजू लागतो. टालग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या २५ वर्षांच्या अभ्यासात खालच्या जबड्याची ही झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. म्हणजे कवळीचा आधार वर्षानुवर्षे कमीच होत जातो.

यावरचा उपाय एका वेगळ्याच प्रयोगातून निघाला. स्वीडनमधील शास्त्रज्ञ ब्रोनमार्क हे १९५०च्या दशकात सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर निघेना. हाड त्या धातूला घट्ट जुळले होते! टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा टिकाऊ थर तयार होतो, त्यामुळे तो शरीरात गंजत नाही. १९६५ मध्ये ब्रोनमार्क यांनी माणसाच्या जबड्यात प्रथम टायटॅनियमचे स्क्रू बसवले.

खालच्या कवळीसाठी बहुधा असे दोन स्क्रू जबड्याच्या पुढच्या भागात बसवतात. हाड त्यांना जुळले की वर लहान गोळ्या जोडतात. कवळीच्या आतल्या बाजूस त्यांच्या खोबणी असतात. टिचबटणासारखी कवळी बसते आणि धुण्यासाठी काढताही येते.

पण रुग्णाचा त्रास खरोखर कमी झाला का? क्ष-किरणांच्या चित्रात हाड दिसते, समाधान दिसत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते. त्यासाठी दहा सेंटिमीटरची एक रेघ देतात. तिच्या एका टोकाला ‘मुळीच समाधान नाही’ आणि दुसऱ्या टोकाला ‘पूर्ण समाधान’ असे असते. रुग्ण योग्य वाटेल तेथे खूण करतो व ते अंतर मोजतात. खाताना दुखते का, चारचौघांत संकोच वाटतो का, असे प्रश्नही विचारतात. जीवनमान मोजण्याची ही एक रीत आहे.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी ६५ ते ७५ वयाच्या ६० जणांचा असा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. कोणाला साधी कवळी आणि कोणाला स्क्रूंवरची, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. रुग्णांनाच निवड करू दिली असती, तर दोन गट मुळातच वेगळे पडले असते. दोन महिन्यांनी स्क्रूंवरची कवळी मिळालेल्या गटाचे समाधान स्पष्टपणे अधिक आढळले. त्याआधी, २००२ मध्ये, मॅकगिल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन स्क्रूंची कवळी हा पहिला पर्याय असावा, असे मत मांडले होते.

तरी ही कवळी सर्वांनाच लागते असे नाही. साध्या कवळीवर समाधानी असलेली माणसेही पुष्कळ आहेत. शस्त्रक्रिया व खर्च यांचा विचार करावा लागतो, धूम्रपानाने धोका वाढतो, आणि स्क्रूंभोवतीची जागा रोज स्वच्छ ठेवावी लागते.

आता वर्गात चर्चा करा: आपल्याला कोणती कवळी मिळाली हे रुग्णाला माहीतच असते. मग त्याच्या उत्तरावर याचा परिणाम होईल का? आणि तरीही त्यालाच का विचारायचे?